पोळ्याच्या रांगेत बीएसए

लालमहंमदच्या फटफटीत जिन्न बसलाय आणि तो फक्त सरवरीभाभीचं ऐकतो, ही बातमी पार घोडेगावच्या बाजारापर्यंत पोचली होती. पोचवणारं तोंड आमच्याच आळीतलं. कुणाचं, ते विचारू नये. जिन्नबिन्न काही नाही. डाव्या मुठीपाशी बोटाएवढी एक कांडी आहे, आणि ती कधी किती मागं घ्यायची हे अख्ख्या गावात एकट्या भाभीला कळतं.

गाडी बीएसए एम-ट्वेंटी. बर्मिंगहॅमच्या बंदुका करणाऱ्या कंपनीची. छापावर अजून तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या. दुसऱ्या महायुद्धात निरोप्यांच्या बुडाखाली असायची. पाचशे सीसीचा एकच सिलिंडर आणि व्हॉल्व्ह डोक्यावर नाहीत, बगलेला. म्हणून चाल म्हशीची, पण कसलंही पेट्रोल पाजा, पचवते. मागच्या चाकाला स्प्रिंगच नाही. सगळे खड्डे थेट मणक्यात. नगरला लष्कराच्या लिलावात भाभीच्या सासऱ्यांनी ती घेतली. पुढं त्यांची नजर गेली, तेव्हा अक्कल सासऱ्यांची आणि हात सुनेचे, असं रिपेरिंग चाले. "बेटी, ठिणगी घाईनं पडली की गाडी लाथ परत करती. कांडी मागं घे, मग किक." लेकालाही त्यांनी हेच शिकवलं, पण लेकाचा जीव टाकी चमकवण्यात.

यंदा उन्हाळ्यात लालमहंमदचा शेवटचा बैल म्हातारपणानं गेला. पोळ्याच्या रांगेत पाटलांच्या बैलांनंतर तिसरी जागा त्याच्या घरची, आज्यापासूनची. अंगद पाटील म्हणाले, "रिकामी ऱ्हायली तर मागचा म्होरं सरकंल बघ. मग परत न्हाई मिळायची."

"बीएसए आनतो," लालमहंमद बोलून गेला.

पाटील पोट धरून हसले. "आन की! पन आपल्या पायानं वेशीतून गेली पायजे. ढकलत आनली तर जागा गेली."

सरवरीभाभी त्या रात्री जेवली नाही म्हणतात. हेही खरं नाही. जेवली, पण नवऱ्याशी बोलली नाही. सासऱ्यांनी राखलेली जागा हा माणूस फुशारकीत घालवणार, हे तिला दिसत होतं.

पोळ्याला लालमहंमदनं गाडी अशी नटवली, की पाटलांचा खिलारी तिच्याकडं दोनदा वळून बघे. टाकीवर झूल, दिव्याला बाशिंग, हँडलच्या दोन्ही शिंगांना बेगड आणि गोंडे, सुतळीनं करकचून. बैल वेशीतून गेले. तिसरा नंबर आला. लालमहंमदनं किक मारली. गाडीनं ती व्याजासकट परत केली, आणि तो गुडघा धरून एका पायावर नाचू लागला. हलगीवाल्यानं त्यावर ठेका धरला.

"दुसरी मार, गड्या!"

दुसरीलाही तेच. मागचा बैलवाला कासरा सैल करून म्होरं सरकायला लागला.

भाभीनं पदर खोचला. "हटो जी जरा." तिनं डावी मूठ चाचपली. कांडी हलेचना. बेगड खरवडून बघते तो, नवऱ्यानं गोंडा बांधताना सुतळीत कांडीही आवळलेली, ठिणगी घाईच्या बाजूला.

"बैलाचं शिंग हाय का हे?" म्हणत तिनं दातानं सुतळी तोडली, गोंडा नवऱ्याच्या खिशात कोंबला, कांडी मागं घेतली आणि तिथंच धरून ठेवली. "आता मारा."

लालमहंमदनं डोळे मिटून मारली. धड... धड... धडधडधड! बैल बुजले, हलगी थांबली, आणि बीएसए तोरणाखालून डुलत निघाली. पुढं लालमहंमद, मागं भाभी, तिचा हात नवऱ्याच्या बगलेखालून डाव्या मुठीवर.

वेशीपलीकडं पाटलांनी गाडीलाही पुरणपोळीचा घास दाखवला. जागा राहिली. पण गप्प बसतील तर पाटील कसले?

"भाभी, गाडी तुमचंच ऐकती. मग ह्या लालमहंमदचा उपयोग काय?"

सरवरीभाभी म्हणाली, "हाय की. लाथा खायला कुनीतरी लागतंच न्हवं?"