भेगांवरून चेंडू

जवसाच्या तेलाचा वास आला की मला भावाची हॉकी स्टिक आठवते; लाकूड तडकू नये म्हणून तो तिला ते तेल चोळायचा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षी परभणीत, आमच्याच कॉलेजच्या मैदानावर, विद्यापीठ संघाची निवड होती. भावाचं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटची संधी. उन्हानं काळी माती भेगाळली होती आणि तो प्रत्येक भेगेवरून चेंडू स्टिकनं अलगद उचलून नेत होता. निवडीला आलेले सर वैतागले, "चेंडू जमिनीवर ठेवता येत नाही का रे?" "येतो की सर. पण भेगंत गेला तर काढायचा कसा? आमच्याकडं एकच हाय." सर पोट धरून हसले आणि त्याला संघात घेतलं. परवा त्याच्या दहाव्याला मी हे सांगितलं, तेव्हा वहिनी डोळे पुसता पुसता हसली, "मला तर ह्यांनी सांगितलं होतं, तीन गोल मारले म्हणून संघात घेतलं!"