एकाच तापमानावरच्या दोन तबकड्या

तपासणी प्रयोगशाळेत तिला सगळे भुकटीबाई म्हणतात. कारखान्यांतून येणारी रसायनांची भुकटी तापत्या तबकडीवर पसरायची आणि ती किती अंशांवर आपोआप पेटते हे शोधायचं, हे तिचं काम. मी शाळेत तिला गणित शिकवायचो तेव्हाही ती अशीच होती. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी पुन्हा करून बघायची, आणि तोवर वही देत नसे.

तिच्या सासूबाई शेजारणींना सांगतात, "लोक भाजी जळू नये म्हणून गॅससमोर उभे राहतात. आमची सून जळावं म्हणून बसते."

ती बसते हे खरं आहे. तबकडीवर पाच मिलिमीटर उंचीचं कडं ठेवायचं, त्यात भुकटी हलक्या हातानं भरायची, पट्टीनं वरून सपाट करायची, दाबायची मात्र नाही. थराच्या मधोमध तापमान सांगणारी बारीक तार. तबकडीचं तापमान ठरलेल्या अंशावर धरून ठेवायचं आणि वाट बघायची. पेटली नाही, तर भुकटी काढून टाकायची, तबकडी पुसायची, दहा अंश वाढवायचे आणि नवी भुकटी घालायची. एकेका नमुन्याला दोन-दोन दिवस जातात.

गेल्या वर्षी रंगाच्या कारखान्यातून पिवळी भुकटी आली. तिनं अहवाल दिला: दोनशे तीस अंशांवर पेटते. ज्या तापमानाला भुकटी पेटते, त्याच्या पंचाहत्तर अंश खालीच यंत्राचा पत्रा ठेवायचा, असा नियम आहे. म्हणजे कारखान्याचा ड्रायर एकशे पंचावन्नच्या वर न्यायचा नाही. कारखान्याला तो एकशे ऐंशीवर चालवायचा होता. माल लवकर सुकतो. आणि त्याच ड्रायरवर तिचा धाकटा दीर कामाला होता. त्याच्या पायाशी रोज बोटभर पिवळी धूळ साचायची.

पुढचं मी तिच्याकडून ऐकलं आणि दिराकडूनही. दोन्ही हकिगती जुळतात.

कारखान्याचा इंजिनिअर थेट प्रयोगशाळेत आला. येताना दिरालाही घेऊन आला. हातात एक डबी होती.

"बाई, तुमचा अहवाल जरा जास्तच घाबरट आहे," तो म्हणाला. "मी आमच्याकडे तपासलं. दोनशे सत्तरपर्यंत नेली. ठिणगी सोडा, धूरसुद्धा नाही. ही बघा, तीच भुकटी. शाबूत आहे." मग दिराकडे बघून हसला. "दिराला उकडतं म्हणून अहवाल थंड आला का?"

दीर कानापर्यंत लाल झाला. प्रयोगशाळेचे साहेब चष्मा पुसू लागले. नातं निघालं की खऱ्या आकड्याचीही किंमत जाते. हा अहवाल मागे घ्यावा लागला असता, तर उद्यापासून ड्रायर एकशे ऐंशीवर गेला असता आणि त्याच्यासमोर दीर उभा राहिला असता.

ती डबीत बघत होती. भुकटी पिवळी कुठली, चहात बुडवल्यासारखी तपकिरी झाली होती.

"दर वेळी नवी भुकटी घेतलीत का?" तिनं विचारलं.

"कशाला? एकच थर दहा-दहा अंशांनी चढवत नेला. उगाच माल वाया का घालवायचा?"

"किती वेळ?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आम्हीही कच्चे नाही."

"मग सकाळपासूनच तिच्यातलं जळण्यासारखं हळूहळू जळत गेलं, साहेब. संध्याकाळी तुम्ही राखेच्या मावसबहिणीला तापवत होता."

दीर हसला आणि लगेच खोकला.

तिनं दोन तबकड्या शेजारी-शेजारी लावल्या, धूर ओढणाऱ्या पंख्याखाली. दोन्ही दोनशे तीसवर. दोन कडी. एकात इंजिनिअरच्या डबीतली भुकटी, दुसऱ्यात बंद पिशवीतली नवी. इंजिनिअरला म्हणाली, "आकडे तुम्ही लिहा. माझ्या हातचे नकोत."

त्यानं लिहायला घेतलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दोन्ही थर मुकाट. "जेवणाची सुट्टी किती वाजता असते तुमच्याकडे?" त्यानं विचारलं. तिनं पुढच्या आकड्याकडे बोट केलं.

विसाव्या मिनिटाला नव्या भुकटीचा आकडा दोनशे एकोणतीस होता. बाविसाव्याला दोनशे अडतीस.

इंजिनिअरचं पेन थांबलं. "तबकडी तर दोनशे तीसवरच आहे."

"हो. आता भुकटी स्वतःच तापतेय. लिहा."

दोनशे एकसष्ट. तीनशे दहा. थराच्या कडेला काळी रेघ आली, ती आत सरकली, आणि चारशे ऐंशीच्या आकड्याबरोबर मधोमध निखाऱ्यासारखा लाल ठिपका उमलला. शेजारच्या तबकडीवर तपकिरी भुकटी जशी होती तशीच पडून होती. सगळे लाल ठिपक्याकडे बघत होते. ती घड्याळाकडे बघत होती. सव्वीस मिनिटं. तिच्या अहवालातही सव्वीसच होती.

"आणखी एकदा करू?" तिनं विचारलं. "पिशवीत भुकटी आहे."

"नको," इंजिनिअर म्हणाला. स्वतःच लिहिलेला कागद त्यानं पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. माणूस अडाणी नव्हता, फक्त काटकसरी होता. त्यानं खाली सही केली, तारीख घातली आणि कागद साहेबांकडे न देता तिच्याकडे दिला.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "अहवाल जसा आहे तसाच राहील," ते म्हणाले. इतकी वर्षं तिचं टेबल कोपऱ्यात होतं. त्या आठवड्यात त्यांनी स्वतः धरून ते खिडकीपाशी हलवलं.

ड्रायर एकशे पंचावन्नवर थांबला. रोजची धूळ झाडायला दोन माणसं वाढली. पुढच्या महिन्यात त्याच इंजिनिअरनं तिला कारखान्यात बोलावलं, सगळ्या पाळ्यांना शिकवायला. जेवणघरात बाकडी मांडली होती. दीर पहिल्या रांगेत बसून मागच्यांना सांगत होता, "आमच्या वहिनी आहेत."

"भाऊजी," ती तबकडी लावत म्हणाली, "बोलायचं असेल तर हात वर करा."

साठ माणसं हसली. तिनं कडं हातात घेतलं.