दार उघडू नका, विहीणबाई

इस्त्रीवाल्या काकूंचं सगळ्यांशी जमायचं. स्वतःच पाडलेला डाग दाखवून वर भांडणाऱ्या गिऱ्हाइकाशीही जमायचं. जमत नव्हतं ते फक्त विहीणबाईंशी, आणि त्यात विहीणबाईंचा काडीचाही दोष नव्हता. काकूंना हेच जास्त झोंबायचं. बाई भांडकुदळ असती तर सोपं होतं हो. चांगल्या माणसाचा हेवा करायचा म्हणजे सगळं काम एकटीनेच करावं लागतं.

मूळ दुखणं म्हणजे सात वर्षांची नात. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, सून बँकेत, त्यामुळे शाळा सुटली की भिंगरी खाली काकूंच्या दुकानात. कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायची, हँगरांच्या तलवारी करायची. तिचा डबा, तिच्या वेण्या, तिचं आजारपण, सगळं काकूंकडे. आणि शनिवार उजाडला की ही पोरगी उड्या मारत आईच्या आईकडे पळायची. तिथे माशांची मोठी काचपेटी होती आणि पलंगावर नाचायची परवानगी होती. त्या आजीचं नाव तिने ठेवलं होतं ‘गोड आजी’. आणि काकू? काकू ‘इस्त्री आजी’. म्हणजे मर मर मरायचं आपण आणि गोड कोण, तर ती!

मग काकूंनी आपल्या परीने बंदोबस्त सुरू केला. शनिवार आला की भिंगरीचं अंग त्यांच्या हाताला गरम लागे. कधी पोट बिघडलेलं असे, कधी घसा धरलेला. सुनेने थर्मामीटर लावला की ताप कुठेच नसे. असं बऱ्याचदा झाल्यावर सून बोलेनाशी झाली, नुसती बघायची. त्या बघण्याचा अर्थ काकूंना कळायचा. पण कळलं म्हणून वळतं थोडंच.

विहीणबाईंची एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. त्यांचं मूत्रपिंड बदललेलं होतं. नवं मूत्रपिंड अंगाने नाकारू नये म्हणून रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी रोगाशी झुंजायची ताकदच कमी केलेली. लस घेतलेली असली तरी डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, की यांना कोविड झेपायचा नाही.

अशातच एका आठवड्यात भिंगरीच्या बाकावरची मैत्रीण पॉझिटिव्ह निघाली. सुनेने लगेच मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. काकू शेजारी कान देऊन उभ्या होत्या.

“लस झालीय ना, मग घाबरू नका,” डॉक्टर म्हणाले. “तिला बहुतेक फार त्रास व्हायचा नाही. पण लस झालेल्या मुलालाही लागण होते आणि त्याच्याकडून दुसऱ्याला होऊ शकते. काही लक्षण नसेल तर पाच दिवस जाऊ द्या, मग टेस्ट करा. लक्षण दिसलं तर त्याच दिवशी करा. आत्ता केलीत तर काही समजणार नाही.”

पण सुनेला धीर कुठला. शनिवारी तिच्या आईचा वाढदिवस होता. दुसऱ्याच दिवशी तिने किट आणून भिंगरीच्या नाकात काडी फिरवली. एकच रेघ उमटली. “निगेटिव्ह,” ती म्हणाली, आणि तिच्यापुरता विषय मिटला. ही टेस्ट घाईची झाली हे काकूंना समजत होतं. पण ती चालू असताना, दोन रेघा आल्या तर बरं, शनिवार टळेल, असा एक दुष्ट विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. त्याची लाज वाटून त्या गप्प बसल्या.

शनिवारी सकाळी भिंगरी शिंकली. मग शिंकतच राहिली, आणि बोलायला लागली तर आवाज बसलेला.

“हिची आज परत टेस्ट कर,” काकू सुनेला म्हणाल्या. “सर्दी झालीय. डॉक्टर म्हणाले होते, लक्षण दिसलं तर त्याच दिवशी.”

सून पर्स भरत होती. “आई, आज शनिवार आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. शनिवारी तिला काहीतरी होतंच. लस झालीय, टेस्ट झालीय. निदान वाढदिवसाला तरी राहू द्या हो.”

यात सुनेला नावं ठेवायला जागा नव्हती. सून भिंगरीला आंघोळीला घेऊन गेली आणि काकू खाली दुकानात आल्या. इस्त्री तापवली, एक सदरा पसरला, कॉलरवरून नुसतीच इस्त्री फिरवत राहिल्या. जाऊ दे, एक मन म्हणालं. तू सांगितलंस, सुनेने ऐकलं नाही. तिची आई, ती बघून घेईल. तुझ्यावर कोण बोट ठेवणार? गोड आजीच राहिली नाही तर मग पोर... काकूंनी झटकन इस्त्री उचलली. आपण इतक्या खाली गेलो? त्यांनी इस्त्री बंद केली आणि फोन उचलला.

लग्न झाल्यापासून त्यांनी विहीणबाईंना आपणहून कधी फोन केलेला नव्हता.

“मी बोलतेय. भिंगरी शिंकतेय, आवाजही बसलाय. घरात माझं कुणी ऐकत नाही, आणि ऐकू नये असंच मी वागलेय. तुम्हीही खरं मानू नका हवं तर. पण ती आली तर दार उघडू नका, विहीणबाई.”

विहीणबाई म्हणाल्या, “तुम्ही मला फोन केलात, म्हणजे खरंच असणार. लेकीला मी सांगते. तुमचं नाव येऊ देत नाही.”

वर हा मोठेपणा! काकूंना त्याचाही राग आला.

परत टेस्ट केल्याशिवाय दारात यायचं नाही, असा आईचा फोन आल्यावर सून चिडली, पण तिने टेस्ट केली. दोन रेघा उमटल्या, दुसरी तर ठसठशीत. सुनेने भरलेली पर्स खाली ठेवली. “मी निघालेच होते हिला घेऊन,” एवढंच म्हणाली.

घरात कोविड, म्हणून दुकान बंद झालं. दुपारी काकू मास्क लावून नातीच्या उशाशी बसल्या. तापाचं काही विशेष नव्हतं, पण पोरीचा राग मात्र नाकाच्या शेंड्यावर होता.

“गोड आजी वाईट आहे,” भिंगरी म्हणाली. “मला येऊ नको म्हणाली. वाढदिवसाला कुणी असं म्हणतं का?” मग तिने डोकं काकूंच्या मांडीवर ठेवलं. “आता मला तूच आवडतेस. फक्त तूच.”

हे ऐकायला काकूंनी काय काय केलं नव्हतं! आणि आज ते आयतं पदरात पडलं होतं. कुणाला कळणार नव्हतं. विहीणबाई शब्दाच्या पक्क्या, त्या बोलल्या नसत्या. काकूंनी ते थोडा वेळ तसंच राहू दिलं, पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. थोडा म्हणजे, चांगला बराच वेळ.

“तिने नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “मी तिला फोन करून सांगितलं, दार उघडू नका म्हणून.”

भिंगरी उठून बसली. “परत खोटं सांगितलंस?”

“नाही गं. या वेळी खरं होतं. तुझ्यापासून तिला झालं असतं तर ती फार आजारी पडली असती.”

“म्हणजे तिला मी हवी होते?”

“हवी होतीस. सकाळपासून वाट बघत होती.”

भिंगरी सरकत सरकत पलंगाच्या दुसऱ्या टोकाला गेली. “मग तिला फोन लाव,” ती म्हणाली. “आणि तू बाहेर जा.”

काकूंनी फोन लावून तिच्या हातात दिला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आतून लगेच पोरीचा बसलेला आवाज, त्यावर पलीकडचा, आणि मग दोघींचं खिदळणं ऐकू आलं. म्हातारी ठणठणीत होती. काकू तिथेच उभ्या राहून ऐकत राहिल्या, आणि पोटात दुखायचं तेवढं दुखलंच.