नेट लागलं नाही की

जळगावच्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो ऐन मे महिन्यात. नवरा पाइपच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मोठे दीर अमेरिकेत. त्यांच्याशी ईमेलवर बोलता यावं आणि जमलं तर आखातात नोकरी शोधावी, म्हणून त्याने कॉम्प्युटर घेतला, सोबत मोडेम घेतलं, आणि टेलिफोनच्या लाईनवर इंटरनेटचं कनेक्शन जोडून घेतलं. गल्लीतलं ते पहिलंच. सासूबाईंनी मॉनिटरला हळदीकुंकू लावलं. ते पुसताना माझ्याकडून काचेवर ओरखडा पडला, म्हणून त्याच संध्याकाळी त्याने मला पहिली थप्पड दिली. पहिली म्हणजे कॉम्प्युटरवरून पहिली. मारायचा तो लग्नाच्या तिसऱ्या महिन्यापासूनच.

आधी त्याच्या मारण्याला वेळ नव्हती. कॉम्प्युटर आल्यावर वेळ ठरली. कारखान्यातून आला, चहा झाला की सात वाजता तो नेट लावायला बसायचा. मोडेम आधी नंबर फिरवायचं, मग किंचाळायचं, मग खरखरायचं. खरखर थांबून दोन हिरवे दिवे स्थिर झाले की माझी संध्याकाळ बरी जायची. मधेच आवाज तुटला की मी ओट्यावरची सुरी उचलून फडताळात ठेवायची. त्याच्या हाताला लागेल अशी वस्तू समोर नको.

एकदा पडद्यावर 'डायल टोन नाही' असं आलं. त्याने फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला, काहीच ऐकू आलं नाही, तर तोच रिसीव्हर माझ्या भुवईवर मारला. "दिवसभर घरात बसून काय करता तुम्ही दोघी?" रक्त डोळ्यात उतरलं. सासूबाई उठल्या आणि त्यांनी गल्लीकडची खिडकी लावून घेतली. त्या नेहमी हेच करायच्या. नंतर भुवईत हळद भरताना म्हणाल्या, "हाऊ असाच शे. याना बाप बी असाच व्हता." जणू घराण्यातला एखादा आजार सांगत होत्या.

दोष निघाला साधा. आतल्या खोलीत दुसरा फोन होता, तो त्याच लाईनवर. सासूबाईंनी दुपारी बोलून झाल्यावर रिसीव्हर तिरका ठेवला होता. मी तो सरळ ठेवला, कुणाला बोलले नाही. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. मार माझ्या नशिबाने पडत नव्हता. कुठेतरी तार सुटत होती म्हणून पडत होता, आणि तार मला जोडता येण्यासारखी होती. अर्थात हेही खरं नव्हतं. पण तेव्हा मला ते खरं वाटलं.

मी धुळ्याच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी. एस्सी. केलं होतं. लग्नानंतर त्याची आठवण कुणी काढली नव्हती. आता तो कारखान्यात गेला, सासूबाई आडव्या झाल्या की मी मोडेमसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन बसायची. डिक्शनरी शेजारी. पडद्यावर येणाऱ्या चुकांचे आकडे पाठ केले. ६८० म्हणजे डायल टोन नाही, आतला फोन बघायचा. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही, तिथे आपला इलाज नाही. ६९१ म्हणजे पासवर्ड चुकला, आणि तो बहुतेक वेळा मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं राहिल्यामुळे चुकायचा. सहाला मी ते बटण बघून ठेवायची. उन्हाळ्यात मोडेम इतकं तापायचं की दहा मिनिटांत लाईन सोडायचं, म्हणून दुपारपासून त्याला कूलरच्या झोतात ठेवायची. पावसाळ्यात लाईनमध्ये खरखर वाढली, तेव्हा टेलिफोन खात्याचा लाईनमन आला. जिन्याखालची डबी उघडून त्याने दाखवलं, "ताई, हे तांब्याच्या तारेवर हिरवं चढलंय ना, ब्लेडने खरवडायचं. दर पंधरा दिवसांनी." मी दर आठ दिवसांनी खरवडायची.

आवडीने शिकत नव्हते. दारात पिसाळलेलं कुत्रं असलं की माणूस त्याच्या सवयी शिकतो, तशी शिकत होते. तरी एखाद्या दुपारी दोष सापडला, दिवे स्थिर झाले की छातीत काहीतरी हलकं व्हायचं. तेवढ्यापुरतं आवडायचंही.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात कारखान्यात कुणीतरी त्याला सांगितलं की इंटरनेटवरून चोर कॉम्प्युटरमध्ये शिरतात. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याने फायरवॉल टाकली. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. कॉम्प्युटरमधला कुठलाही प्रोग्राम नेटवर जायला निघाला की ती विचारायची, याला जाऊ द्यायचं का? हो की नाही? खाली एक चौकोन असायचा. त्यात खूण केली की ती पुन्हा विचारायची नाही, तेच उत्तर कायम धरून चालायची. त्याला प्रश्न विचारलेले मुळातच आवडत नसत. पहिल्या दोन दिवसांतच तो वैतागला आणि न वाचता बटणं दाबू लागला.

एका रविवारी सकाळी त्याला आखातातल्या एका कंपनीला अर्ज पाठवायचा होता. दुपारच्या आत पोचायला हवा होता. लाईन पहिल्याच फटक्यात लागली. दोन्ही दिवे स्थिर. मी सुटकेचा निःश्वास टाकून पोळ्यांना लागले. पाचव्या पोळीला त्याची हाक आली. ईमेल जात नव्हती. पुन्हा पुन्हा 'सर्व्हर सापडत नाही' येत होतं.

"तू हात लावलास याला."

"नाही लावला."

त्याने माझी वेणी धरून टेबलापाशी ओढलं. तोल सावरायला मी टेबलाच्या उघड्या ड्रॉवरची कड धरली. त्याने ड्रॉवर पायाने बंद केला. माझी बोटं आत होती. आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. ओली काडी मोडावी तसा आवाज होता.

मी ओरडले नाही. का ते आजही सांगता येत नाही. म्हणाले, "दोन मिनिटं बसू द्या मला. लावून देते."

तो बाजूला झाला. बहुधा माझ्या आवाजाचं त्याला नवल वाटलं असावं. उजवा हात मांडीवर ठेवून मी डाव्या हाताने माऊस धरला. आधी एक वेबसाईट उघडून बघितली. उघडली. म्हणजे लाईन चांगली, मोडेम चांगलं. फक्त ईमेलच अडत होती, म्हणजे अडवणारं घरातच होतं. फायरवॉल उघडली. तिच्यात प्रोग्रामांची यादी होती. सगळ्यांपुढे हिरवी खूण, आणि ईमेलच्या प्रोग्रामपुढे लाल फुली.

मी गुपचूप फुली काढून टाकू शकले असते. दीड वर्ष हेच तर करत आले होते. दोष काढायचा आणि दोष कुणाचा ते गिळायचं. पण बोटं सुजून एकमेकांना चिकटायला लागली होती, आणि मला त्याला ते दाखवायचंच होतं.

"हे तुम्ही अडवलंय," मी म्हणाले. "काल विचारलं तेव्हा 'नाही' दाबलंत. वर कायमची खूणही केलीत. कॉम्प्युटर तुमचंच ऐकतोय."

मी फुली काढली, पाठवण्याचं बटण दाबलं. निळी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. अर्जाला प्रमाणपत्रांचे फोटो जोडलेले, त्यामुळे वेळ लागणार होता.

तो अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मी बावळट?"

त्याने टेबलामागची टेलिफोनची जादा वायर ओढून घेतली आणि मागून माझ्या गळ्याला आवळली. डोळ्यांपुढे निळी पट्टी दिसत होती, अर्ध्याच्या थोडी पुढे गेलेली. मग ती थांबली. मोडेमचे दिवे विझले. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "हॅलो, हॅलो!" खिडकी लावायच्या ऐवजी त्यांनी आज फोन उचलला होता. कुणाला करणार होत्या, ते मला कधीच कळलं नाही. त्यांना नंबर फिरवता येत होता तो फक्त त्यांच्या भावाचा. त्यांनी रिसीव्हर उचलताच लाईन तुटली आणि अर्ज अर्ध्यात राहिला.

त्याने वायर सोडली आणि आत धावला. मी खोकत त्याच्यामागे गेले तेव्हा त्याचा हात खाली येत होता. आपल्या आईवर त्याने हात टाकलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्या खाटेच्या कडेवर आपटल्या आणि खाली बसल्या. हातातला रिसीव्हर तसाच.

मी परत बाहेर आले. कीबोर्ड उपसला. तेव्हाचे कीबोर्ड चांगले जड असत. आत जाऊन तो डाव्या हाताने त्याच्या डोक्यात घातला. तो वळला, पुन्हा घातला. तो खाली बसला, तरी पुन्हा घातला. तिसऱ्यांदा मारायची काही गरज नव्हती. बटणं फरशीभर उडाली. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं, आणि तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू भिंतच चालत अंगावर आली होती. मला फार बरं वाटलं. हे मी कोर्टात सांगितलं नाही, आईलाही नाही.

सासूबाईंनी मला हाताला धरून रस्त्यापर्यंत आणलं. त्यांच्या गालावर पाचही बोटं उठली होती. रिक्षा थांबवली. मी म्हणाले, "आई, चला माझ्याबरोबर."

"तू जाय. मी नही येस. मना आंडोर शे तो." आणि त्या आपल्या मुलाच्या कपाळाला हळद भरायला परत गेल्या.

धुळ्याची एस.टी. पारोळ्यावरून जाते. सगळ्या रस्त्यात शेजारची बाई माझ्या हाताकडे बघत होती. पारोळ्याला उतरताना पिशवीतली पाण्याची बाटली माझ्या मांडीवर ठेवून गेली.

धुळ्याला माहेरी वडिलांनी आधी हात बघितला, मग सगळं ऐकलं, मग म्हणाले, "नवऱ्यावर हात उचललास?" दोन बोटांना प्लास्टर होतं तेवढे दिवस ते मला परत पाठवायचं बोलत राहिले. शेवटी आई त्यांना म्हणाली, "तुम्हीच नेऊन सोडा तिला. आणि तिथे दारात उभे राहून सगळं ऐका." ते गेले नाहीत. घटस्फोटाला चार वर्षं लागली. तो आखातात गेला नाही एवढंच कळलं.

धुळ्यातच, देवपुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मला शिकवायचं काम मिळालं. नेट लागत नाही म्हणून लोक घरी बोलवायचे. मोडेमचा नुसता आवाज ऐकून मी दोष सांगायची. लोकांना कौतुक वाटायचं. कुठे शिकलात, विचारायचे. मी म्हणायची, घरीच.

दुसऱ्या वर्षी क्लासमध्ये कॉलेजची एक मुलगी होती. फायरवॉल शिकवत होते. वाचल्याशिवाय दाबायचं नाही, हे तिला तीनदा सांगितलं. तिने चौथ्यांदा न वाचता बटण दाबलं आणि माझा हात उठला. आवाज साऱ्या खोलीत घुमला. मुलीचा चष्मा खाली पडला. ती रडली नाही. तिने मान खाली घालून टेबलावरचा माऊस माझ्यापासून लांब सरकवला. ती हालचाल मला पाठ होती.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिच्या आईसमोर माफी मागितली. आई हसून म्हणाली, "मारा हो बाई. शिकेल तरी."

"नाही," मी म्हणाले. मुलीकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईने परवानगी दिली तरी मी तुला परत मारणार नाही. आणि मारलं तर तू क्लासच्या मालकांना जाऊन सांग. मी सांगते म्हणून सांग."

ती दारात उभी होती. तीन आठवडे क्लासला आली नाही. चौथ्या सोमवारी आली आणि माझ्यापासून सगळ्यात लांबच्या कॉम्प्युटरवर बसली. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले नाही. फळ्यापाशी थांबूनच शिकवलं, हात मागे बांधून.