ओ पार्सलवाले!

कळंब तालुक्यात पार्सल वाटायला लागून मला सहा वर्षं झाली. पार्सलं रोजच्या रोज संपतात हो, किस्से मात्र साठतच जातात! रविवारी मित्र जमले की चहा यायच्या आत फर्माईश सुटते, "हां, सांग, या आठवड्यात काय झालं?"

•

कळंब शहरात दार उघडतं ते वीतभरच. एका कॉलनीतल्या मॅडमना मी चार वर्षं पार्सल देतोय. दिसतो तो फक्त हात! हिरव्या बांगड्या, अंगठ्यापाशी तीळ. पार्सल आत, "थँक्यू", दार बंद.

परवा बाजारात एक बाई म्हणाल्या, "काय पार्सलवाले, ओळखलं नाही व्हय?"

चेहरा मी कधी बघितलेलाच नव्हता. मग त्यांनी हात पुढं केला.

"अहो मॅडम, तुम्ही होय!"

•

येरमाळ्यात सगळं उलटं. हायवेवरच्या एका चहाच्या हॉटेलात निम्म्या गावाची पार्सलं उतरतात. हॉटेलवाले मामा पुडकं न फोडताच सांगतात, "ही मास्तरांच्या सुनेची साडी. निळी हाय. काठ लाल."

"मामा, एक्सरे मशीन बसवलंय का काय?"

"मशीन कशाला? गावाच्या ऑर्डरी माझ्याच मोबाईलवरनं जातात!"

•

शेतातल्या घराचा पत्ता फोनवर मिळतो तो असा : "बोअरच्या पुढं या. म्हशी बांधलेल्या दिसतील, तेच घर."

बोअर सापडला, म्हशी काही दिसेनात. पुन्हा फोन केला.

"चरायला गेल्यात."

"मग घर कसं ओळखू?"

"थांबा की जरा, येतीलच दिवस मावळायला!"

•

मुरुमला दोन महिने बदलीवर होतो. कर्नाटक जवळ, त्यामुळं तिथं बऱ्याच घरांत कानडी. आणि कानडीत 'ऊटा' म्हणजे जेवण, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एका आजींना म्हटलं, "आजी, ओटीपी सांगा."

"ऊटा?" आजी म्हणाल्या. मी मान डोलावली. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

पोटभर जेवलो आणि हळूच विचारलं, "आजी, आता ओटीपी?"

आजींनी आणखी एक भाकरी वाढली!

•

कळंबजवळच्याच एका वस्तीवर आप्पा आणि काकू, दोघंच राहतात. लेक पुण्यात नर्स. आप्पांना कितीतरी वर्षं ऐकू येत नव्हतं. काकूंना ओरडूनच बोलायची सवय लागलेली, त्यांचा आवाज पार सडकेपर्यंत यायचा. लेकीनं कानाचं मशीन पाठवलं, ते घेऊन मी गेलो.

आप्पांनी खोकं मागं सरकवलं. "परत न्या. या वयात आता काय ऐकायचं राहिलंय?"

मी लेकीला फोन लावला. ती रडवेली होऊन म्हणाली, "दादा, एकदा तरी त्यांच्या कानात घालून बघा हो."

आप्पांना हातानं खुणावलं, बळंच बसवलं आणि मशीन कानात घातलं. ते दचकले. दावणीच्या वासराकडं बघितलं, झाडाकडं बघितलं. तेवढ्यात चुलीपासून काकू ओरडल्या, "च्या टाकू का ओऽऽ?"

"वरडतीस कशापायी?" आप्पा म्हणाले. "येतंय की मला ऐकू!"

काकू उठल्या. पदरानं हात पुसत आप्पांच्या अगदी जवळ आल्या, वाकल्या आणि लई हळू काहीतरी बोलल्या. मला एक शब्द कळला नाही.

आप्पा मात्र लाजले!