देवळाबाहेर बसले त्या दिवशी

पाळी गेली तेव्हा मी देवीला म्हणाले होते, "सुटले गं बाई, आता रोज तुझ्यापाशी येईन." चार वर्षं तसंच झालं. पाचव्या वर्षी पुन्हा डाग दिसू लागले. ते दुष्काळाचं वर्ष होतं. मुकुंदवाडीपुढच्या आमच्या नव्या वसाहतीत इमारती चढत होत्या आणि पाणी टँकरनं येत होतं. हंडे उचलून अंगावर जात असेल, अशी मी मनाची समजूत घातली. शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई मी! पण सुचलं ते एवढंच, की विटाळ झाला, देवघरापासून लांब राहावं. दिवा ह्यांनी लावायचा, मी दारातून हात जोडायचे. असे आठ महिने गेले. देवी रुसली असं वाटून रडू यायचं.

नवरात्रात नणंदेबरोबर कर्णपुऱ्याच्या देवीला गेले. ती दर्शनाच्या रांगेत लागली आणि मी बाहेर ओटीचं सामान विकणाऱ्या एका बाईंजवळ बसले.

"आत नाय जात व्हय?" त्यांनी विचारलं.

"अडचण आहे."

त्यांनी माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं. "ह्या वयात?"

अनोळखी बाई, पण मी सगळं सांगून टाकलं. हातातला खण खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पाळी गेल्यावर अंगावर जाणं लई वाईट, ताई. माझी थोरली जाऊ अशीच विटाळ विटाळ करत बसली. दाखवलं तवर हातची गेली. तुमी उद्याच डाक्तरीणबाईकडं जा. देवी कुठं पळून जात नाय."

दुसऱ्याच दिवशी गेले. तुकडा काढून तपासायला पाठवला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला, पण पसरलेला नव्हता. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच तशीच देवघरात गेले. "आई, आहे तशी आले. आता तू जाणे," एवढंच म्हणाले. मन इतकं हलकं कधी झालं नव्हतं. पुढे किरणांचे शेक, केमोची सलाईन, उलट्या सगळं झालं आणि तिनं निभावून नेलं. त्या बाईंना तिथं कुणी बसवलं होतं, यावर मी वाद घालत नाही. हात जोडले की त्यांचा चेहरा दिसतो, एवढं खरं.

परवा सून स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, मधल्याच दिवसांत डाग दिसतोय. कालपासून." लगेच तिला घेऊन गेले. तपासलं, काही निघालं नाही. हा कर्करोग होऊ नये म्हणून मुलींना देतात त्या लशीचंही नातीसाठी विचारून आलो. येताना रिक्षात मला रडू आवरेना आणि सून घाबरली. तिला काय सांगू? मला आठ महिने लागले होते, तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. देवीनं माझं दुखणं वाया जाऊ दिलं नाही.