जुळं की धक्का

"बाई, ही पोर मुकी हाय का?"

कोपरगावहून आलेल्या शेतकऱ्याने आवाज खाली आणला होता, पण ओसरीवरचं बोलणं खिडकीपाशी बसलेल्या मला स्पष्ट ऐकू आलं.

"मुकी न्हाई," बाई त्याच्याच बोलीत म्हणाल्या. "बघतीय."

मी त्याचाच रुपया भिंगाखाली धरला होता. रुपयावरचे आकडे दुहेरी दिसत होते, म्हणून तो एवढ्या लांबून नगरला आला होता. दुहेरी उमटलेलं नाणं दुर्मीळ असतं असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. नाण्यांचं काही असलं की लोक नाणेबाईंकडेच येत.

बाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या. आईने मला त्यांच्याकडे धाडलं ते बोलायला शिकायला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी बोलताना अडखळले की लोक हसत, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. मला बघायला आलेली मंडळी 'मुलगी बोलत नाही' एवढंच कळवून गप्प बसली होती. बाईंनी आईचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातात भिंग दिलं.

"आधी बघ. सांगण्यासारखं काही दिसलं की तोंड आपोआप उघडतं."

ओसरीवरच्या त्यांच्या टेबलावर बिस्किटांचे दोन जुने डबे असत. डावा जुळ्यांचा, उजवा धक्क्याचा. दुहेरी नाणं हातात आलं की बाईंचा एकच प्रश्न असे : जुळं की धक्का? मी काही न बोलता नाणं योग्य त्या डब्यात टाकायची. "मान नको, बोट नको, शब्द," असं त्या रोज म्हणत आणि रोज सोडून देत.

त्या दिवशीही मी बाहेर जाऊन रुपया उजव्या डब्याशेजारी ठेवला.

"म्हंजी वो?" शेतकऱ्याने विचारलं.

"हे बघा दादा, जुळं आईच्या पोटातच दोन असतं," बाई म्हणाल्या. "साच्यातच अक्षर दोनदा कोरलं गेलं, तर निघणारं प्रत्येक नाणं तसंच निघतं. अक्षर जाड होतं, दोन्ही कडा गोल, भरलेल्या, आणि कोपऱ्यात बारीक खाच. तुमच्या रुपयाचा साचा चांगला होता. छापताना तो जरा सैल होता, सरकला. जाता जाता त्याने आकड्याची कड चेपली. म्हणून इथे सपाट पायरी दिसते, आणि आकडा उलट बारीक झालाय."

"म्हंजी माझ्या रुपयाला नुसता धक्का लागला व्हय," तो रुपया खिशात टाकत म्हणाला. "येष्टीत मलाबी लई लागले. माझी किंमत तरी कुटं वाढली?"

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि त्याला चहा पाजूनच सोडलं.

नाणं परत करताना त्या कधी कुणाला वेड्यात काढत नसत. खोटी आशाही लावत नसत. बाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्यांचं भिंग आता माझ्याकडे आहे. मी जे काही बोलते, ते बघून बोलते, ही त्यांची देणगी.

एकच नाणं त्यांनी डब्यात ठेवलं नव्हतं. तो भोकाचा पैसा कापसात गुंडाळून कपाटात असे. त्यांचे वडील कोल्हारच्या चर्चमध्ये दानाची थाळी फिरवत. त्यात त्यांना हा दुहेरी अक्षरांचा पैसा दिसला. पदरचा दुसरा पैसा थाळीत टाकून त्यांनी तो लेकीला आणून दिला. बाईंचा नाद सुरू झाला तो तिथून. तो शेतकरी येऊन गेला त्याच सुमारास पुण्याला नाणी जमवणाऱ्यांचा मेळावा भरणार होता, आणि बाईंना पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. त्या हाच पैसा मांडणार होत्या. सोबतचं इंग्रजी कार्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून तो माझ्या भिंगाखाली आला.

अक्षरं बारीक होती. कोपऱ्यात खाच नव्हती. कडेला सपाट, चकचकीत पायरी होती.

मी पुन्हा पाहिलं. खिडकीशी नेऊन, तिरका धरून पाहिलं.

"शाई संपली का गं?" बाईंनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. पुण्यातल्या त्या जाणकारांपुढे बाई हा पैसा 'जुळं' म्हणून ठेवणार, हे डोळ्यांपुढे आलं. हा पैसा उजव्या डब्यात टाकायला माझा हात धजेना, आणि तो मुकाट्याने बाईंच्या हातात देणंही जमेना.

"धक्का," मी म्हणाले. आवाज फाटला. "बाई, हा धक्का आहे."

त्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ वाकून पाहिलं.

"तेव्हा मला कुठे काय कळत होतं," त्या हळूच म्हणाल्या. "आणि नंतर घरच्या माणसाला कोण भिंग लावतं? बाबा बिचारे. देवाशी अदलाबदल केली, आणि फसले."

मग त्या हसल्या. पैसा कापसात गुंडाळून पुन्हा कपाटात ठेवला आणि जुळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"मांडायला यातलं एक तू निवड. आणि पुण्याला माझ्याबरोबर चल. तिथे मला खरं सांगणारं माणूस शेजारी हवं. येशील?"

मी मान हलवली.

त्या शब्दासाठी थांबून राहिल्या.

"येईन," मी म्हणाले. "पण आईला तुम्ही सांगा."